शीतलचं मत

चंद्रपुरातल्या तुकूम भागातल्या त्या खोलीत दुपारी खिडकीच्या काचा थरथरायच्या. लांब कुठंतरी कोळशाच्या खाणीत सुरुंग लागायचा, जमीन एकदाच आतून हलायची, आणि पुन्हा कूलरची घरघर ऐकू यायला लागायची. सुरुवातीला मी दचकून उठून बसायचे. शीतल मात्र पालथी पडून मोबाईलवर काहीतरी लिहीत असायची आणि मान वर न करता म्हणायची, "झोप ना वो, रोजचंच आहे." शीतल माझी मामेबहीण. मामा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात होते आणि ती तिथल्या वसाहतीत वाढली होती, त्यामुळं तिला धूळ, आवाज, अनोळखी माणसं कशाचंच नवल नव्हतं. मी गोंडपिपरी तालुक्यातल्या खेड्यातून आले होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून एकटीनं शहरात राहू नये असं घरी ठरलं आणि आम्हा दोघींना एक खोली करून दिली. वर पत्रा, कोपऱ्यात गॅसची शेगडी, दारामागे आमच्या दोघींचे कपडे. दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीवर संध्याकाळपर्यंत काळी बारीक राख बसायची. ती झटकायची असते, पुसायची नसते, हेही मला शीतलनंच शिकवलं.

ती लिहायची ती मतं. मोबाईलच्या नकाशात गावातलं प्रत्येक दुकान, प्रत्येक हॉटेल दिसतं आणि त्याच्याखाली गिऱ्हाईकांनी चांदण्या देऊन दोन शब्द लिहायचे असतात, हे मला तोवर माहीतही नव्हतं. शीतल तिथं दोन शब्द लिहीत नसे. स्टँडजवळच्या नाश्ता सेंटरबद्दल तिनं लिहिलं होतं की पोहे मोकळे आहेत, पण तर्री सकाळी आठनंतर पाणी घालून वाढवतात, म्हणून आठच्या आत जा. एका सावजी हॉटेलाबद्दल लिहिलं होतं की रस्सा झणझणीत आहे, पण बाया एकट्या आल्या की पोरगा टेबल पुसायला येत नाही, आणि हे काही बरं नाही. कपड्यांच्या दुकानांवर तर तिचा हात फारच चालायचा. एका दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीला आतून कडी नाही. दुसऱ्यात मालक पाठीमागं उभा राहून "मॅडम घ्या, मॅडम घ्या" करतो. तिसऱ्याबद्दलचं तिचं वाक्य मला अजून पाठ आहे: "इथला रंग ट्यूबलाइटचा आहे, कापडाचा नाही, घ्यायच्या आधी दारात नेऊन उन्हात पाहा." लोक ते वाचायचे, खाली पसंतीचे अंगठे द्यायचे. दुकानदार "धन्यवाद मॅडम, सुधारणा करू" असं लिहायचे. आमच्या कॉलेजातल्या मुली कुर्ती घ्यायला निघाल्या की आधी शीतलला विचारायच्या.

मला ते सहन होत नसे. हे मी इथं सरळच लिहून टाकते. नाश्ता सेंटरचा मालक आम्ही गेलो की हात पुसत बाहेर यायचा आणि शीतलला विचारायचा, "मॅडम, आज कशी झाली तर्री?" माझ्याही प्लेटमध्ये तीच तर्री असायची. मी ती तिच्याआधी चाखलेली असायची. आज गरम मसाला जास्त भाजलाय आणि थोडा कडवटपणा उतरलाय, हे मला पहिल्या घासाला कळलेलं असायचं, आणि मी वाट बघायचे की शीतल हे म्हणते का. ती म्हणायची. अगदी तेच म्हणायची. मालक मान डोलवायचा, तिच्या पोह्यांवर पुन्हा थोडी शेव भुरभुरायचा आणि आत जायचा. मी कोण, हे त्यानं एकदाच विचारलं होतं. "बहीण आहे माही," शीतल म्हणाली होती. त्यावर तो "बरं बरं" म्हणाला, आणि त्यानंतर त्याला माझ्याबद्दल आणखी काही जाणून घ्यायची गरज वाटली नाही.

आता वाटतं, यात त्याचा काय दोष? मी तोंड उघडतच नव्हते. आमच्या घरात जेवताना मत देण्याची रीतच नव्हती. बाबा शेतातून यायचे, हातपाय धुवायचे, पाटावर बसायचे. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, पावसाळ्यात कोणी रानातून आणून दिले तर वास्त्यांची भाजी. कोवळ्या बांबूच्या कोंबांची ती भाजी मला इतकी आवडायची की ती ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी सगळ्यांच्या शेवटी उठायचे. पण "आवडली" असं मी कधी म्हटलं नाही. मीठ कमी असलं तर बाबा उठून स्वतः मीठ घ्यायचे आणि आईला दिसू नये म्हणून ताटाच्या पलीकडच्या बाजूला ठेवायचे. जेवणाला नाव ठेवणं म्हणजे रांधणारीला नाव ठेवणं, आणि जेवण फार वाखाणलं तर दुसऱ्याच्या वाट्याचं मागितल्यासारखं होतं, असं काहीतरी आम्हाला न सांगता समजलं होतं. कपड्यांचंही तसंच. दिवाळीला एकाच ताग्यातून मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ममताताईला, कापड यायचं. ताईचा फ्रॉक लांब, माझा आखूड, एवढाच फरक. तुला कोणता रंग पाहिजे, हा प्रश्न मला पहिल्यांदा चंद्रपुरात एका दुकानातल्या माणसानं विचारला आणि मी शीतलकडं बघितलं.

हॉटेलात वेटर आला की तेच. शीतल कार्ड न बघता सांगायची. मग तो माझ्याकडं वळायचा आणि मी म्हणायचे, "तेच." कितीतरी महिने मी "तेच" खाल्लं. एकदा, शीतल गावी गेली असताना, मी ठरवून एकटी निघाले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक बाई पत्र्याखाली लाखोरीचे वडे तळते असं ऐकलं होतं. गेले, खाल्ले, आणि अगदी आमच्या घरचे वाटले. वरून कुरकुरीत, आत ओलसर, लसणाचा वास पुढं आणि मिरचीचा मागून येणारा. संध्याकाळभर मी मोबाईल घेऊन बसले. पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. वाटलं, आपण कोण सांगणार. दुसरं लिहिलं, त्यात शीतलचा एक शब्द आला, तोही खोडला. शेवटी "वडे चांगले आहेत" एवढंच पाठवलं. त्याला एकच अंगठा आला, तो शीतलचा. गावाहून आल्या आल्या ती म्हणाली, "सपना, तू लिहिलंस ना, मस्त." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आनंद झाला होता, आणि त्यामुळं मला जास्त जळजळलं. पुढच्या रविवारी ती स्वतः तिथं जाऊन आली आणि तिनं लिहिलं. नंतर त्या पत्र्याखाली उभं राहायला जागा मिळेना.

अशात ममताताईचं लग्न जमलं. मुलगा मूल गावचा. ताई माझ्याहून मोठी, दहावीनंतर घरी राहिली, शेतात आईच्या बरोबरीनं राबली. लग्नाचा बस्ता चंद्रपूरला बांधायचं ठरलं आणि आईचा फोन आला. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, कारण गोल बाजारातली दुकानं मी येता-जाता बघून ठेवली होती. आई म्हणाली, "शीतलले विचार बरं, बस्त्याले कोणतं दुकान चांगलं राहीन."

"मले विचार ना," मी म्हणाले.

"तुले काय विचारू? भाजी खारट झाली तरी तू सांगत नाईस."

शीतल बाजूलाच होती. तिनं फोन घेतला आणि एक क्षणही न थांबता सांगितलं, काचेचं दुकान नको आत्या, गादीवालं पाहिजे, मोठी माणसं येणार, त्यांना बसायला लागणार. गोल बाजारात अमुक गल्लीत एक जुनं आहे, साड्या उलगडून दाखवायला कंटाळा करत नाहीत आणि चहा वेळेवर आणतात. मी मनात धरलेलं दुकान तेच होतं. मी भिंतीकडं तोंड करून पुस्तक उघडलं.

बस्त्याची आमच्याकडची रीत इथं सांगायला हवी, कारण आता ती बरीच बदलली आहे. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात एकाच गादीवर बसतात. मुलाकडचे नवरीसाठी घेतात, मुलीकडचे नवऱ्यासाठी. नवरीला सोबत नेतात, पण सासरच्या माणसांसमोर तिनं "हे पाहिजे, ते नको" म्हणायचं नसतं. तिनं तोंड उघडलं तर ती हावरी, आणि नुसती मान हलवली तरी कोणीतरी ते बघून ठेवतं. म्हणून तिच्या बाजूला तिची एखादी बहीण किंवा मैत्रीण बसते. नवरीला एखादी साडी मनापासून आवडली, की ती पदराआडून बाजूचीचा गुडघा दाबते. मग बाजूची आपलंच मत असल्यासारखं म्हणते, "मले तं ही चांगली वाटते, बाई." गुडघ्याची गोष्ट पुरुषांना ठाऊक नसते. बायांना सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणीच ती बोलत नाही. आईच्या बस्त्यात आईच्या बाजूला माझी मावशी बसली होती. ममताताईच्या बाजूला मी बसायचं, हे आमच्या दोघींत कापूस वेचता वेचता कधीचं ठरलं होतं. ताईनं वाकल्या वाकल्याच म्हटलं होतं, "माह्या बाजूले तूच बसजो. आईले नको बसू देजो, ते लाजून काहीच बोलत नाई."

हल्ली नवऱ्या स्वतः बोलतात, होणाऱ्या नवऱ्याला फोनवरून साडी दाखवतात, नको असेल तर सरळ नको म्हणतात. मी ते बघते आणि मला बरं वाटतं, आणि थोडा हेवाही वाटतो.

त्या दिवशी गाडी भरून माणसं आली. दुकानाच्या दारात चपलांचा ढीग झाला. पांढऱ्या चादरीची लांब गादी, समोर लाकडी कपाटं, वर ट्यूबलाइटच्या रांगा, नव्या कापडाचा तो खळीचा वास. ताई निळ्या ड्रेसमध्ये मान खाली घालून मध्यभागी बसली. तिच्या एका बाजूला तिची होणारी सासू, शांत, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. तिच्या पलीकडं नवऱ्या मुलाची आत्या, जिचा आवाज गाडीतून उतरायच्या आधी उतरला होता. ताईच्या दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती. मी तिकडं सरकले, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "ते मोबाईलवाली पोरगी कोणती जी? तिनंच सांगतलं ना दुकान? तिले बसवा इथी, तिले समजते."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग शीतलकडं. व्याह्यांच्या माणसाचा शब्द होता, आई काय बोलणार. शीतल संकोचली. तिनं मला हळूच विचारलं, "तू बसून राह्यली होती का?" मी म्हणाले, "नाई, बस ना," आणि मागच्या ओळीत, बाबांच्या शेजारी जाऊन बसले. ताईनं वळून माझ्याकडं एकदा बघितलं. ते बघणं मी त्या वेळी नीट वाचलं नाही. मी स्वतःच्याच रागात होते.

शीतल फार चांगलं बोलत होती, हेही लिहायला हवं. देवाची साडी झाली, मानाच्या साड्या झाल्या, कोणत्या काकूला काठ मोठा लागतो, कोणत्या आजीला हलकं कापड लागतं, हे ती विचारून विचारून सांगत होती. आत्याबाईंनी एक जांभळी साडी उचलली तर ती म्हणाली, "आत्याबाई, हिचं सूत ओढून पाहा, विरळ आहे." दुकानातला माणूस आधी कसनुसा हसला, मग त्यानं आपणहून वरच्या फळीवरच्या साड्या काढायला घेतल्या. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळत होत्या. बाबासुद्धा माझ्या कानाशी म्हणाले, "हुशार आहे पोरगी." मी चहाच्या ग्लासात बघत बसले. त्यात साखर जास्त होती.

शालू शेवटी आला. दुकानातल्या माणसानं एकामागून एक उलगडून पसरवले, आणि त्यातला राणी रंगाचा शालू पसरला तेव्हा सगळी गादीच उजळल्यासारखी झाली. अंगभर बारीक बुट्टे, पदरावर जरीचे मोर, आणि रंग असा की बघणाऱ्याच्या गालावरही थोडा उतरावा. शीतल लगेच म्हणाली, "हाच. ताईच्या रंगावर किती उठून दिसते पाहा, अन् फोटोत तं विचारूच नका." आत्याबाईंनी मान डोलवली. माझ्याही छातीत काहीतरी उडी मारून गेलं. इतकं सुंदर कापड मी तोवर जवळून पाहिलं नव्हतं. मी कधीतरी नेसेन तर असंच, असं माझ्या मनात आलं आणि लगेच मी ते झटकलं, कारण ते शीतलचं मत होतं.

त्याच्या खाली एक हिरवा होता. गर्द हिरवा, मरून काठाचा, जर कमी. तो अर्धवट उलगडला होता आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मागून मला ताईचा हात दिसत होता. तो ओढणीखालून सरकला आणि त्यानं शीतलचा गुडघा दाबला.

शीतलनं खाली बघितलं. मग ती थोडी बाजूला सरकली आणि प्रेमानं म्हणाली, "पाय आखडला का ताई? पसरून घे ना, माह्याकडं जागा आहे."

ताईनं पाय पसरला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तिचा हात गेला, या वेळी जोरात. शीतलनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. सिमेंटच्या वसाहतीत लग्नं हॉलमध्ये होतात, कपडे ज्याचे तो घेतो. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ताई बाटली धरून बसली, टोपण न उघडता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. सगळं समजणाऱ्या शीतलला ही एक गोष्ट समजली नव्हती आणि ती मला समजत होती. तो आनंद मी क्षणभर तोंडात धरून ठेवला. मग दुकानातल्या माणसानं राणी रंगाचा शालू सासूबाईंच्या पुढं सरकवला आणि हिरव्याची घडी घालायला घेतली. ताईची मान आणखी खाली गेली. तिच्या मानेवर केसांची एक बट घामानं चिकटली होती. मला दिसलं की तिनं बाटली खाली ठेवली आहे आणि आता ती कोणाचा गुडघा दाबणार नाही.

"भाऊ, तो हिरवा घडी नका करू," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सगळे मागं वळले. आत्याबाई म्हणाल्या, "काऊन बाई?"

"मले तो चांगला वाटते."

"अवो सपना, राणीवाला पाह्य ना," शीतल म्हणाली. तिला वाद घालायचा नव्हता, तिला खरंच वाटत होतं तेच ती बोलत होती. "हिरवा दबून जाते. फोटोत तं काळाच येईन."

"दोन कॉलेजवाल्या अन् दोन तोंडं," आत्याबाई हसत म्हणाल्या. "एकीनं तं इतका वेळ कायी म्हटलं नाई, अन् आता आली हिरवा घेऊन." बाया हसल्या. आईचा चेहरा लाल झाला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सारला आणि मला विचारलं, "काय चांगलं वाटते त्याच्यात, पोरी?"

हिरव्यात काय चांगलं आहे ते ताईला माहीत होतं, मला नव्हतं. मला तर राणी रंग दिसत होता, डोळे मिटले तरी दिसत होता. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतंच. मी म्हणाले, "इथला रंग ट्यूबलाइटचा आहे जी. घ्यायच्या आधी दारात नेऊन उन्हात पाहा."

शीतलनं झटकन माझ्याकडं बघितलं. आपलं वाक्य तिनं ओळखलं होतं. मला वाटलं ती आता बोलेल. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं, एवढंच.

सासूबाई उठल्या. दुकानातला माणूस दोन्ही शालू घेऊन दारात गेला, मागोमाग बाया गेल्या, आणि चपलांच्या ढिगाशी उभं राहून सगळ्यांनी दोन्ही पदर उन्हात धरले. मला अजून आठवतं, उन्हात राणी रंग जास्तच सुंदर दिसला. आत दिसला त्यापेक्षा कितीतरी पटीनं. मला वाटलं, संपलं. आत्याबाई म्हणाल्याच, "पाहा, हाच." सासूबाईंनी हिरवा स्वतःच्या मनगटावर टाकला, थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी मान वळवून आत गादीवर बसलेल्या ताईकडं बघितलं. ताई सगळ्यांमध्ये एकटीच बसून होती, तिला दाराशी यायचं नव्हतं. सासूबाईंना तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्याही कधीतरी कोणाच्या तरी बाजूला बसल्या असतील. "हिरवा बांधा," त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं, तर त्या पुढं म्हणाल्या, "ऊन लागून राह्यलं, आत चला."

जेवायला शीतलनं सांगितलेल्या ठिकाणीच गेलो. वरणभात, पाटोडीचा रस्सा, सोबत कांदा. रस्सा उत्तम होता आणि त्याचंही श्रेय शीतललाच. सगळी माणसं मोकळी झाली होती, आत्याबाई आता शीतलला आपल्या मुलीसाठी कोणत्या दुकानात जावं ते विचारत होत्या. मी वाट बघत होते. मला कोणी काही म्हणेल असं वाटत होतं. सासूबाईंनी खरंच माझ्याकडं बोट केलं आणि आईला म्हणाल्या, "हिची नजर बरी आहे तुमच्या लहानीची." माझा घास हातातच राहिला. "शीतलसोबत राह्यते ना, तिच्यापासून शिकली असन," त्यांनी पुढं म्हटलं, आणि आई आनंदानं म्हणाली, "हो जी, दोघी एकाच खोलीत राह्यतात." शीतल म्हणाली की नाही, सपनाला आधीपासूनच समजतं, ती बोलत नाही एवढंच. तिचं हे बोलणंही सगळ्यांना तिचा मोठेपणा वाटला. मलाही वाटला. मी रस्सा पुन्हा मागून घेतला.

मला आणि शीतलला खोलीवर सोडून गाडी पुढं गावी जाणार होती, ती निघेपर्यंत ताई आणि मी बाजूबाजूला उभ्या होतो. शालूचा डबा तिनं कोणाला धरू दिला नव्हता. बाकीचे जागा धरायच्या गडबडीत होते. तिनं विचारलं, "तुले कसा वाटला पण?"

"चांगला आहे ना. म्हणूनच तं म्हटलं."

"ते माह्यासाठी म्हटलं. तुले कसा वाटला?"

तोवर मला हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता, म्हणजे उत्तर ऐकण्यासाठी. मी गाडीकडं बघितलं. शीतल खिडकीपाशी बसून दुकानाबद्दल लिहीत होती, अंगठे भराभर चालत होते.

"मले राणीवाला आवडला होता," मी म्हणाले.

ताई इतकी हसली की आईनं गाडीतून डोकं बाहेर काढून काय झालं विचारलं. ताईनं हातानंच काही नाही असं खुणावलं, आणि डोळे पुसत मला म्हणाली, "मंग सांग ना शीतलले. खुश होईन ते."

मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. त्या रात्री खोलीवर शीतलनं मला विचारलंसुद्धा, हिरव्यात तुला खरंच असं काय दिसलं, मला कळलं नाही म्हणून विचारते. तिला माझ्याकडून शिकायचं होतं. मी म्हणाले, "काठ." तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि ती म्हणाली की हो, काठ चांगला होता, माझं लक्ष गेलं नाही.

आता शीतल नागपूरला असते, मी गडचिरोलीला. तिची मतं अजून लोक वाचतात. मीही लिहिते अधूनमधून, पूर्वीपेक्षा मोठं लिहिते, आणि कोणी विचारलं तर मला काय हवं ते सांगतेही. भाजी खारट झाली तर घरात सांगते, आणि चांगली झाली तर तेही. पण दर दिवाळीला शीतल माझ्यासाठी साडी घेऊन येते, नीट वेळ काढून निवडलेली, आणि दर वेळी ती हिरवी असते. काठ बघ, ती म्हणते. मी काठ बघते. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत उभी राहते आणि मी म्हणते, "मस्त आहे." कपाटाचा एक कप्पा हिरव्या साड्यांनी भरला आहे. एका वाक्यात हे थांबेल, मला माहीत आहे. पण ते वाक्य म्हणजे त्या दिवशी ती बरोबर होती असं तिला सांगणं, आणि तेवढं अजून माझ्यानं होत नाही.